तुरुंगातल्या सात पाट्या

१

मंगळवारी सकाळी नऊ वाजता मी जुन्या तुरुंगाचं मागचं दार उघडलं आणि आधी काचेच्या कपाटाकडे पाहिलं. शेरीफचं पिस्तूल जागच्या जागी. पितळी किल्ल्यांचा जुडगा, बेड्या, १८८२ सालचा कोनशिलेचा तुकडा, सगळं शाबूत. मग कोठड्यांकडे वळले आणि तोंडातून निघून गेलं, "अरे देवा! हे कुणाला सुचलं?"

सहाही कोठड्यांच्या लोखंडी दारांवरच्या नंबराच्या पाट्या गायब होत्या. त्यांच्या अलीकडे झाडू-बादल्यांची खोली आहे. तिच्यावर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' अशी पाटी यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला लावली होती, तीही नव्हती. सात पाट्या, त्याही पत्र्याच्या. भंगारवालासुद्धा त्यांच्यासाठी वाकणार नाही. स्क्रू मात्र नीट काढून प्रत्येक दाराशी ढीग करून ठेवलेले.

मी शेरीफच्या कचेरीत फोन लावला. डेप्युटी बराच वेळ हसला. "क्रॅबिलबाई, पाट्या? थांबा, हेलिकॉप्टर पाठवतो."

"तू चौथीत असताना तुला मी रोज दोन वाट्या पुडिंग वाढायची, विसरलास का रे?"

"म्हणून तर हेलिकॉप्टर म्हणालो. नाहीतर फोन ठेवला असता."

मी ल्यूएला क्रॅबिल. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. या काउंटीत साठीच्या आतला जो कुणी भेटेल, तो माझ्या हातचं जेवलेला आहे. आता नऊ वर्षं झाली, जुना तुरुंग बघायला येणाऱ्यांना फिरवून दाखवते. इंडियानातल्या इतर जुन्या तुरुंगांसारखाच आमचाही आहे. पुढं शेरीफचं विटांचं घर, मागं कोठड्या, मधे एक भिंत. शेरीफ पुढं बायकापोरांसह राहायचा, आणि त्याची बायको घरच्या चुलीवर कैद्यांचा स्वयंपाक करायची.

तुरुंगाच्या किल्ल्या तिघांकडे. एक माझ्याकडे. दुसरी आमच्या इतिहास मंडळाचा अध्यक्ष ग्रेडन टलकडे, ती त्यानं रविवारी पाहुण्या कोरीन रस्कला दिली होती. तिसरी मंडळातले जुने इतिहासशिक्षक योकम सर, त्यांच्याकडे. म्हणजे चोर बाहेरचा नव्हता. आणि शनिवारी नव्या फलकाचं अनावरण होतं.

२

त्या फलकाचं नावसुद्धा मला नकोसं झालं होतं, आणि त्याला कारण ओपल.

ओपल रेनेकर नव्वदीची. ती या तुरुंगात जन्मली, म्हणजे पुढच्या घरात. तिचे वडील शेरीफ, आई आयडा. १९३४ सालच्या नोव्हेंबरात एमेट रस्क नावाचा कैदी पळाला. मोटार चोरल्याबद्दल त्याला दुसऱ्या दिवशी दहा वर्षांसाठी मोठ्या तुरुंगात नेणार होते. कुलूप तुटलं नव्हतं, गज कापले नव्हते. गावानं ठरवलं, आयडानं सोडला. शेरीफची नोकरी गेली, घर गेलं.

आता पंच्याऐंशी वर्षांनी एमेटची नात कोरीन केंटकीहून एक पत्र घेऊन आली होती. पळाल्यावर एमेटनं बायकोला लिहिलेलं, दोन पानी. पहिल्या पानावर, 'मला एक नंबरात टाकलं होतं, जेवण चांगलं होतं,' वगैरे. दुसऱ्या पानावर, 'माझ्या खिडकीतून कोर्टाचं घड्याळ दिसायचं. नवाच्या ठोक्याला शेरीफची बायको किल्ली घेऊन आली. म्हणाली, जा, पण मला विसरू नकोस.'

रविवारी चर्चनंतरच्या बैठकीत मीच ते मोठ्यानं वाचून दाखवलं. ग्रेडनचा चेहरा फुलला होता. नव्या फलकावर हेच जाणार होतं, मथळा 'शेरीफची बायको आणि कैदी'. योकम सरांच्या हातून कॉफी सांडली. मी फडकं आणायला गेले.

मंगळवारी दुपारी ओपलला वृद्धाश्रमात भेटायला गेले. तिला कुणीतरी सांगितलंच होतं.

"ल्यूएला, आईला मरून सत्तर वर्षं झाली म्हणजे तिला काही वाटत नाही, असं समजतात का हे लोक?" तिनं माझं मनगट धरलं. तिच्या हातात अजून जोर आहे. "ते पत्र खोटं आहे."

"कशावरून?"

तिनं तोंड फिरवलं. "मी सांगून काय उपयोग? म्हणतील, म्हातारी आईला वाचवतेय. तू शोध. शनिवारच्या आत शोध. ते फलकावर चढलं की मी मेल्यावरही तिथंच राहील."

३

मी पाट्यांपासून सुरुवात केली. पत्राचा आणि पाट्यांचा काही संबंध असेल हे तेव्हा माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पण एकाच आठवड्यात दोन विचित्र गोष्टी एका इमारतीत घडल्या, तर मी आधी सोपी हातात घेते.

ग्रेडन टल विम्याचा धंदा करतो. त्याच्या कचेरीत भिंतभर फायलींची कपाटं, कागदाचा चिटोरासुद्धा फेकत नाही.

"पाट्यांचं काय एवढं," तो म्हणाला. "नव्या करून घेऊ. शहात्तर सालच्या होत्या, देशाच्या द्विशताब्दीला मंडळाच्या बायकांनी रंगवलेल्या. क्रॅबिलबाई, तुम्हाला माहीत आहे ना, काउंटीवाले तुरुंग पाडून गाड्या लावायला जागा करणार आहेत? माणसं आली नाहीत तर वसंतात बुलडोझर. या पत्रानं माणसं येतील."

"आणि ओपल?"

"ओपलचं मला वाईट वाटतं." त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "खरंच वाटतं."

कोरीन रस्क हमरस्त्यावरच्या मोटेलात उतरली होती. साठीची, बुजरी बाई. किल्ली तिनं टेबलावरच ठेवलेली.

"मी गेलेच नाही आत. आजोबांच्या कोठडीत एकटीनं बसावं म्हणून किल्ली घेतली, पण पायच उचलला नाही. अजून तो तुरुंग मी आतून पाहिलेला नाही."

"पत्र तुम्ही किती वेळा वाचलंत?"

ती ओशाळली. "एकदाही नाही. ते जुनं वळणाचं अक्षर मला लागत नाही. आजी वाचून दाखवायची. त्या छोट्या मुलीच्या भागाला आली की रडायची. मी सहा वर्षांची होते, मला वाटायचं माझ्यावरच लिहिलंय." ती हसली. "रविवारी ऐकलं तर मुलगी नव्हतीच कुठं. लहानपणचं काय काय आपण मनानं जोडतो! मी पाकीट होतं तसं टलसाहेबांच्या हातात दिलं होतं."

योकम सर सगळ्यात शेवटी. चौऱ्याऐंशी वर्षांचे, चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. ग्रेडन त्यांचा विद्यार्थी, माझा धाकटा भाऊही. पत्र अस्सल आहे असा दाखला त्यांच्याच सहीचा होता.

त्यांनी मला कॉफी ओतून दिली. बोट कपाच्या आत कडेशी धरून ओतली, आणि गरम लागल्यावर थांबले. म्हातारपणी माणसं कशी कशी वागतात, म्हणून मी सोडून दिलं.

"सर, पाट्या कुणी नेल्या असतील?"

"ज्याला त्या नको असतील त्यानं," ते म्हणाले. "शहात्तर साली मी त्या बायकांशी भांडलो होतो. माझं ऐकलं नाही. पुढं मीही कंटाळलो. गेल्यात ना आता? बरं झालं. त्यांच्या जागी काय आहे ते बघितलंत का?"

मी मान हलवली. दारं मी पाहिली होती. करडा रंग होता, दुसरं काही नव्हतं.

ते थांबले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "ल्यूएला? आहात ना?"

"इथंच आहे सर, तुमच्या समोर."

"हां." त्यांनी घसा खाकरला. "डोळ्यांवर फार भिस्त ठेवू नका. हात लावून बघा."

४

मी तशीच तुरुंगात परत गेले. मागच्या दाराजवळच्या कोठडीपाशी उभी राहिले. नऊ वर्षं मी लोकांना हिलाच 'एक नंबर' म्हणून दाखवत आले. हिलाच तेवढी खिडकी आहे, आणि खिडकीतून कोर्टाचं घड्याळ दिसतं. पाटीच्या जागी करड्या रंगाचे थरावर थर. मी बोट फिरवलं.

रंगाखाली लोखंडात आकडा खोदलेला होता. डोळ्यांना दिसत नव्हता, बोटाला लागत होता. वर शेपूट, खाली गोल वेटोळं. सहा.

पुढच्या दारावर पाच. मग चार. मी एकेक दार चाचपत गेले. शेवटची कोठडी स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून, अंधारी, बिनखिडकीची. आम्ही तिला सहा नंबर म्हणायचो. तिच्या दारावर बोटाला एक उभी रेघ लागली.

मी बाकावर बसले. एवढं साधं मला नऊ वर्षं कसं सुचलं नाही? अहो, मी वाढपी बाई! त्या कोठडीच्या शेजारी भिंतीत हातभर खिडकी आहे, स्वयंपाकघरातून जेवण आत सरकवायची. तिला कडी आहे ती स्वयंपाकघराच्या बाजूनं. ताटं तिथून निघणार, तर मोजणीही तिथूनच सुरू होणार. पहिलं ताट एक नंबरला, शेवटचं सहाला. शहात्तर सालच्या बायका मात्र गाड्या लावून मागच्या दारानं आत आल्या, आणि स्वतःला आधी लागली तिला त्यांनी 'एक' म्हटलं. पाहुणे जसे आत येणार तसे नंबर! कैदी आणि शेरीफ कुठून यायचे, याचा विचार कुणी केला नाही.

आता पत्र. एमेट चौतीस साली एक नंबरात होता, म्हणजे या अंधाऱ्या कोठडीत. मग त्याच्या खिडकीतून घड्याळ कसं दिसलं? त्याला खिडकीच नव्हती. दुसरं पान ज्यानं लिहिलं, तो तुरुंगात कधी राहिलेला नव्हता. त्यानं पहिल्या पानावरचा 'एक नंबर' वाचला आणि आमची पाटी बघून खिडकी लिहिली. म्हणजे दुसरं पान शहात्तर सालानंतरचं.

कोण ते? कोरीननं तुरुंग आतून पाहिला नव्हता आणि तिला ते अक्षर लागतही नव्हतं. योकम सरांना खरे नंबर ठाऊक होते, ते ही चूक करणंच शक्य नाही. पाकीट ज्याच्या हातात दिलं, तो राहिला.

पण मग पाट्या कुणी काढल्या? लबाडी करणारा स्वतःच्याच थापेचा आधार कशाला काढून नेईल? ज्याला खोटं उघडं पडायला हवं होतं, पण तोंडानं बोलता येत नव्हतं, त्यानं काढल्या. आणि सातवी पाटी? 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' हे ज्याला वाचता येतं, तो ती सोडून देईल. सातवी पाटी नेणाऱ्यानं एकही पाटी वाचलेली नव्हती.

कपात घातलेलं बोट मला तेव्हा आठवलं.

५

बुधवारी सकाळी योकम सरांच्या गाडीच्या डिकीत मला सातही पाट्या सापडल्या. ते शेजारी उभे होते.

"किती दिवस झाले, सर?"

"नजरेतलं मधलं सगळं दोन वर्षांपूर्वी गेलं. कडेकडेनं थोडं दिसतं." ते अगदी सरळ आवाजात बोलत होते. "मुलीला कळलं तर मला ओहायोला नेईल. तिच्या तळघरातल्या खोलीत. हे घर, ही पुस्तकं... वाचता येत नाहीत ती, पण कुठलं कुठं आहे ते हाताला माहीत आहे. ग्रेडननं एकच पान हातात दिलं. कागद जुना होता, तेवढं बोटांना कळलं. बाकी त्याच्या शब्दावर सही ठोकली. रविवारी तुम्ही वाचलंत तेव्हा कळलं मी कशावर सही केली ते. आयडाबाईंच्या बदनामीवर!"

"मग तिथंच बोलायचं होतंत."

"त्यांनी विचारलं असतं, सर, आधी वाचलं नव्हतं का? भ्यालो, ल्यूएला. वाटलं, पाट्या नसल्या तर कुणीतरी खाली बघेल."

"कुणी बघितलं नाही. चाचपायला लागलं. आणि दिसत नसताना तुरुंगापर्यंत गाडी चालवत गेलात?"

"चारच चौक आहेत. पाठ आहेत मला."

"आणि पाठ नसलेला माणूस मधे आला असता म्हणजे?" मी गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

तिथून मी सरळ ग्रेडनकडे गेले. त्याच्या टेबलावर एक नंबरची पाटी आपटली.

"अरे ग्रेडन, एक नंबरच्या कोठडीला खिडकीच नाही."

त्यानं पाच मिनिटं उडवाउडवी केली. मी त्याला दारांचं सांगितलं. तेव्हा त्यानं उठून कपाटातून एक फाईल काढली.

"मी जाळलं नाही ते," तो म्हणाला. "तेवढा नालायक नाही मी."

एमेटचं खरं दुसरं पान त्यात होतं. मी उभ्या उभ्या वाचलं. 'संध्याकाळच्या जेवणाला कोठडी उघडून मला बोळात मोकळं सोडायचे. तेव्हा शेरीफची छोटी मुलगी जेवणाच्या खिडकीशी यायची. त्या संध्याकाळी मी म्हटलं, बाळ, मक्याचा पाव अजून आहे का? तिनं कडी काढून पाव दिला. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, लोणी आण ना. ती लोणी आणायला गेली. मी तेव्हा हाडांचा सापळा होतो, मावलो खिडकीतून. त्या पोरीला मी फसवलं, एवढंच मनाला लागलंय.'

"पाच वर्षांच्या पोरीला बघायला कोण येणार?" ग्रेडन म्हणाला. "आणि खरं सांगू? ते छापलं असतं तर ओपलला वाचायला लागलं असतं की बापाची नोकरी तिच्यामुळे गेली. मला वाटलं, आयडा मेलेली आहे. दोष मेलेल्याच्या अंगावर राहिला तर कुणाला लागत नाही."

लबाडच, पण या एका गोष्टीत तो खोटं बोलत नव्हता. पान माझ्या हातात होतं आणि ते ओपलला दाखवायचं की नाही, हे आता माझ्यावर होतं.

६

रात्रभर विचार केला. आईचं नाव धुऊन निघणार होतं, पण तो डाग लेकीच्याच अंगावर जाणार होता, तोही नव्वदाव्या वर्षी. पण ती म्हणाली होती शोध, आणि माणसानं काम सांगितलं तर काय मिळालं ते सांगावं. गुरुवारी मी कोरीनला बरोबर घेतलं. पत्र शेवटी तिच्या आजोबांचं.

ओपल खिडकीशी बसली होती. मी पान वाचलं. लोण्यापर्यंत आले आणि तिनं मला हातानं थांबवलं.

"मोठ्या वाटीत होतं," ओपल म्हणाली. "दोन्ही हातांनी धरून आणलं मी. आले तर तो नव्हता."

"तुला माहीत होतं?"

"मग! माझ्याच हातानं काढली होती कडी." ती माझ्यावरच वैतागली. "त्याच रात्री आईला सांगितलं. आईनं माझ्याकडून शपथ घेतली, कुणाला बोलायचं नाही. म्हणाली, मोठ्या बाईबद्दल लोक वर्षभर बोलतात, मुलीबद्दल जन्मभर. पण वर्षभरात काही थांबलं नाही, ल्यूएला. चर्चच्या जेवणाला आई भांडं घेऊन जायची आणि भरलेलं परत आणायची. एक चमचासुद्धा कुणी घ्यायचं नाही. घरी येऊन आम्ही तेच खायचो. मला घास गिळायचा नाही. ती म्हणायची, खा, छान झालंय."

कोरीन दाराशीच उभी होती. ओपलनं विचारलं, "ही कोण?"

"एमेट रस्कची नात."

ओपलनं तिच्याकडे नीट पाहिलं. "जवळ ये. मला एक सांग. तो घरी पोचला का? का वाटेतच धरला?"

"पोचले," कोरीन म्हणाली. "अकरा दिवस चालत. नंतर केंटकीत दुसऱ्या नावानं खाणीत काम केलं. कुणाचं काही चोरलं नाही पुन्हा."

"आणि तुझे वडील?"

"बाबांचा जन्म छत्तीसचा."

ओपलचे ओठ हलले. चौतीस, पस्तीस, छत्तीस. दहा वर्षांची शिक्षा भोगली असती तर चव्वेचाळीस. तिनं कोरीनचा हात धरला, उलटा केला, सुलटा केला, बोटं एकेक करून पाहिली.

"मुलं आहेत तुला?"

"तीन. आणि पाच नातवंडं."

"बघ ना," ओपल मला म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. "आईला हे कुणी सांगितलंच नाही."

मग तिनं नाक पुसलं आणि ग्रेडनला निरोप द्यायला सांगितला. फलक शनिवारीच लागला पाहिजे, आईचं नाव त्यावरून काढा, आणि ओपल रेनेकर, वय पाच, हिनं कडी काढली, असं लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहा.